बिनवासाचा गॅस

वन्संचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत भट्टी निवायची वाट बघत बसले होते. एप्रिल संपत आला होता. बारामतीत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं.

"वहिनी, घरात गॅसचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "दोन-तीन दिवस झालं."

मी म्हटलं, "नळी बघा. रेग्युलेटर बघा."

"समदं बघितलं. एजन्सीचा माणूस येऊन साबणाचं पाणी लावून गेला. कुठंच गळत न्हाय म्हणला. तरीबी वास जाईना, म्हणून सिलेंडर उचलून अंगणात नेऊन ठेवला. आता घरात गॅसच न्हाय. पण दुपार झाली की मागच्या खोलीत उभं राहवत न्हाय बगा."

"स्वयंपाक कुठं करताय?"

"गोठ्यापाशी. बाहेरच्या चुलीवर."

"घरात काही पेटवू नका," मी म्हटलं. "उदबत्तीसुद्धा नको. मी येते."

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचं सासर वरकुट्याला. पेरू आणि डाळिंबाची थोडी बाग, दोन म्हशी, घरात सासूबाई. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दाजी म्हणतो, ते इंदापूरच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात ऑपरेटर होते. मला फोन करण्याचं कारण एवढंच की घराण्यात 'गॅसवाली' मीच. म्हणजे तसं सगळे म्हणतात. माझं काम खरं तर कोळशाचं आहे.

वेडी बाभूळ आमच्या भागात कालव्याच्या कडेनं, पडीक रानात कुठंही माजते. तिच्या लाकडाचा कोळसा करायचा, तो वाफेच्या झोतात पुन्हा तापवायचा, म्हणजे त्याच्या आत असंख्य बारीक छिद्रं तयार होतात. इतकी बारीक की वायूचा एक कण जेमतेम आत शिरेल. मी अनेक वर्षं त्या छिद्रांच्या मापामागे लागले आहे. प्रोपेन आणि प्रोपिलीन असे दोन वायू असतात. प्रोपिलीनपासून प्लॅस्टिक होतं, प्रोपेन बहुतेक जाळला जातो. दोघांत फरक इतका थोडा की त्यांना वेगळं करायला मोठ्या कारखान्यांत उंच मनोरे लागतात आणि वीज पाण्यासारखी ओतावी लागते. तेच काम योग्य मापाचा कोळसा नुसता पडल्या पडल्या करू शकतो. एकाला धरून ठेवतो, दुसऱ्याला जाऊ देतो. हे मी वर्गात मुलांना सांगते तेव्हा मला स्वतःलाच छान वाटतं. त्या दिवसापर्यंत तरी वाटत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळची तासिका उरकून मी स्कूटी काढली. प्रयोगशाळेतलं खिशात मावणारं गॅस ओळखायचं यंत्र पर्समध्ये टाकलं. शेळगावचा फाटा मागे पडेपर्यंत ऊन असं चढलं होतं की हँडल हाताला पोळत होतं. वरकुट्याला पोहोचले तर वन्सं अंगणात लिंबाखाली बसलेल्या. घराची दारं-खिडक्या सताड उघडी होती, आणि आत कुणी नव्हतं.

"सकाळी काय वाटत न्हाय," त्या म्हणाल्या. "पत्रा तापला की सुरू होतं."

मी आत गेले. पुढच्या खोलीत काही नाही. माजघरात हलकासा वास. मागच्या खोलीच्या दारात मात्र मी थबकले. सडक्या कांद्यासारखा, कुजक्या कोबीसारखा तो ओळखीचा वास भिंतीसारखा उभा होता. आणि त्या वासात वन्संच्या सासूबाई एका हातात पितळेचं ताटलं आणि दुसऱ्या हातात काडेपेटी घेऊन उभ्या होत्या. ताटल्यात कापूर.

मी आधी काडेपेटी हातातून घेतली, मग बोलले.

"आई, बाहेर चला."

"अगं, ह्या घराला कुणाचं तरी लागलंय," त्या कुजबुजल्या. "सिलेंडर न्हाय, शेगडी न्हाय, आन् वास येतोय. हे माणसाचं काम हाय व्हय? कापूर दावते, मग जाईल."

त्यांना दंडाला धरून लिंबाखाली आणलं. कापूर पेटला असता तर काय झालं असतं हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्या मात्र काडेपेटी परत मागत होत्या.

मी पुन्हा आत गेले. यंत्र चालू केलं. मागची खोली अडगळीची होती. पत्र्याचं छप्पर, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी, खताची रिकामी पोती. आणि कोपऱ्यात भिंतीला लावून रचलेली तोंड शिवलेली पांढरी पोती. यंत्र त्यांच्याजवळ नेलं तसं ते पिकपिकू लागलं. एका पोत्याचा कोपरा उंदरानं कुरतडला होता. तिथून काळे दाणे जमिनीवर सांडले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, चकचकीत. मी मूठभर उचलले. माझ्या हाताला ते वजन, तो खरखरीत स्पर्श झोपेतसुद्धा ओळखू आला असता. मूठ मिटून थोडा वेळ धरली, उघडून नाकाशी नेली. वास थेट डोक्यात गेला.

कोळसा होता. माझ्याच जातीचा, छिद्रांचा कोळसा. त्यानं कुठूनतरी वास आणि गॅस पोटात घेतला होता आणि पत्रा तापला की तो दोन्ही सोडत होता.

वन्संना विचारलं, "ही पोती कुणी आणली?"

"ह्यांनी. कारखान्यातनं. मालक म्हणले, जुना कोळसा झालाय, टाकूनच द्यायचाय, शेतात घाला, मुळांना चांगला असतोय. पेरूच्या आळ्यात घालायचा हाय पाऊस पडला की."

वन्संनी आणि मी ती पोती ओढत ओढत बांधापलीकडे उघड्या रानात नेऊन टाकली. अंगाला काळी भुकटी, घाम, आणि त्यावर तो वास. सासूबाई दुरून बघत होत्या. मला बरं वाटायला हवं होतं. कोडं सुटलं होतं, भुताचं नाव कळलं होतं. पण पाण्याच्या टाकीवर हात धुताना दुसराच प्रश्न पुढे आला. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून तो वास मुद्दाम मिसळतात. तो वास ह्या पोत्यांत आला होता, तर मग वास काढून घेतलेला तो गॅस कुठं होता?

दाजी चारच्या सुमारास पाळीवरून आले. वन्संनी पाणी दिलं. ते बाजेवर टेकले, कपाळ चोळत. हल्ली रोज डोकं दुखतंय म्हणाले, उन्हानं असेल.

"दाजी, तुमच्या कारखान्यात काय बनतं?"

"सेंटचे डबे भरत्यात," ते म्हणाले. "बटन दाबलं की फुसकन उडतंय ना अंगावर, ते. सेंट थोडंसंच असतंय, बाकी आत गॅसच. आता गॅसला घाण वास आसला तर सेंट कोण मारंल अंगावर? म्हणून आमी तो आधी काळ्या टाकीतनं काढतो."

"काळी टाकी म्हणजे?"

"ह्योच कोळसा भरलेली. हिकडनं वासाचा गॅस आत, तिकडनं बिनवासाचा बाहेर." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि का नसावा? ती टाकी तेच सांभाळत होते. "पहिलं शेडमधी उभं राहवत नसायचं वहिनी. आता बायका म्हणत्यात, देवळात बसल्यागत वाटतंय."

मी विचारलं, "मग गळती झाली तर कसं कळतं?"

"गळती?" ते हसले. "वास येईल की."

म्हणाले आणि थांबले. पेला तोंडाजवळ तसाच राहिला. वन्सं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. दाजींनी पेला खाली ठेवला.

मग म्हणाले, "बायकांचीबी डोकी दुखत्यात. पंधरवडा झाला."

त्यांनी मालकांना तिथूनच फोन लावला. मालक म्हणाले, शेड आता बंद केलंय, कुलूप आहे, सकाळी या, मॅडमनाही आणा, चहा घेऊ.

मी त्या दिवशी वरकुट्यालाच राहिले. सकाळी दाजींच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. शेड रस्त्यापासून आत होतं, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाण्याची चारी. पाटी नव्हती. आम्ही पोहोचलो आणि लाइट गेली. मशीन थांबलं. आतल्या बायका हातातलं काम टाकून कट्ट्यावर टेकल्या, पदरानं वारा घेऊ लागल्या. सगळ्या आसपासच्या गावांतल्या, शेतातलं काम नसलं की इथं झाकणं बसवायला येणाऱ्या. कुणीतरी विनोद केला, सगळ्या हसल्या. हसणं थोडं मंद होतं, झोपेतून उठल्यासारखं. किंवा मलाच तसं वाटलं.

मालक पुढे आले. पन्नाशीचे, स्वच्छ शर्ट, बोलायला गोड. "या मॅडम. तुमच्या दाजींनी सांगितलं, तुम्ही ह्याच विषयातल्या. आमचा कोळसा बघायचाय का?"

मी सांगितलं कशासाठी आलेय ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि छातीभर श्वास ओढला.

"घ्या, तुम्हीही घ्या. येतोय काही वास?"

"येत नाही," मी म्हटलं. "तीच तर भीती आहे."

ते हसले आणि बोट वर केलं. छपराच्या कैचीजवळ गॅस ओळखायचं एक यंत्र बसवलेलं होतं. "ते बघा. नियमाप्रमाणे लावलंय. बसवल्यापासून एकदासुद्धा वाजलेलं नाही."

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, उतार मिळेल तिकडे जातो आणि खड्ड्यात साचतो. छपरापाशी तो कधी पोहोचणारच नव्हता. मी पर्समधून माझं यंत्र काढलं. उभ्या उभ्या हातात धरलं तर गप्प होतं. गुडघ्यात वाकले. पिक-पिक. जमिनीलगत नेलं तसा आवाज वाढला. उतार शेडच्या मागच्या बाजूला होता. तिकडे मी यंत्र पायांजवळ धरून चालत गेले आणि तो आवाज माझ्याबरोबर वाढत गेला. मागे काही पायऱ्या उतरून एक खोलगट खोली होती. वरच्या पायरीवर यंत्रानं किंचाळायला सुरुवात केली ती थांबेना.

बायका कट्ट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

"खोकी," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आणि पाण्याची मोटर."

दाजी माझ्या मागे होते. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मोटरीला ऑटो हाय."

आमच्या भागातल्या कुणालाही ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. लाइट कधी येईल ह्याचा नेम नसतो, म्हणून मोटरीला ऑटो बसवतात. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. सुरू होताना आत ठिणगी पडते. ती मोटर ह्या गॅसच्या डबक्यात उभी होती, आणि आम्ही सगळे तिच्या डोक्यावर.

मालकांचा हात भिंतीवरच्या स्विचकडे गेला. बंद करायलाच गेला असेल, पण त्याच क्षणी लाइट आली असती तर तिथंच ठिणगी पडली असती. दाजींनी मनगट धरलं. "मालक, कशालाबी हात लावू नगा!" आणि मग बायकांकडे वळून ओरडले, "बाहेर! समद्या बाहेर! फोन हातात घिऊ नगा, डबे घिऊ नगा, नुसतं चला!"

"मी डीपीचा फ्यूज काढतो," मला म्हणाले, आणि उसाच्या कडेनं पळत सुटले. डीपी म्हणजे रोहित्राचा खांब दूर, बांधाच्या टोकाला होता.

बायका चारीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी यंत्र घट्ट धरून त्यांच्यात उभी. तेवढ्यात त्यांच्यातली एक म्हणाली, "मावशी कुठं हाय?"

मावशी म्हणजे त्यांच्यात सगळ्यांत वडील बाई. लेबलं चिकटवायची.

"लाइट गेली तशी खाली गेली असंल," दुसरी म्हणाली. "ती तितंच पडती. तितं गार असतंय ना."

गार. टाकीतला द्रव गॅस बाहेर पडून वायू होताना आसपासची हवा गार करतो. वर पत्रा भाजत होता आणि खाली ती खोली गार होती, आणि इतके दिवस कुणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. वाटावं तरी का? उन्हाळ्यात कुठं गार लागलं तर माणूस तिथं आडवा होतो.

मी शेडकडे धावले. खरं सांगते, दाराशी माझे पाय अडले. आत मोटर होती आणि लाइट कुठल्याही क्षणी येणार होती. मालक माझ्या बाजूनं पुढे गेले. जा म्हणून मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"श्वास रोखून जा," मी ओरडले. "खाली वाकू नका!"

ते पायऱ्या उतरले. मला त्यांची पाठ दिसत होती, मग तीही दिसेना. खोकी कोसळल्याचा आवाज आला. माझा अंदाज असा की मावशी जमिनीवर असती तर संपलीच असती. पण ती खोक्यांच्या थप्पीवर चढून निजली होती, डोकं उंचावर होतं. मालक वर आले ते तिला काखेत धरून ओढत. त्यांचा चेहरा काळानिळा. मी तिचे पाय धरले. पायातली वहाण निसटून पायरीवर राहिली. आम्ही दोघांनी तिला उचलून उसाच्या सरीपर्यंत आणलं आणि तिथं तिघंही पडलो.

मावशीच्या गालावर खोक्याची नक्षी उमटली होती. बायका तिच्या तोंडावर वारा घालत होत्या, नावानं हाका मारत होत्या. ती उठेना. मी तिच्या नाकाशी हात धरला. श्वास होता, अगदी पातळ.

आणि तेव्हा चारीपलीकडच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. तो भाग दुसऱ्या डीपीवर होता. आधी घरघर, मग पाइपातून पाणी पडल्याचा आवाज. लाइट आली होती.

आम्ही सगळे शेडकडे बघत राहिलो. कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. शेड तसंच गप्प उभं होतं.

बांधाच्या टोकाला खांबापाशी दाजी उभे होते. दोन्ही हातांत फ्यूज. ते तिथून हलायला तयार नव्हते. शेवटी एक बाई जाऊन त्यांना घेऊन आली. इंदापूरच्या दवाखान्यात मावशीला नेताना, गाडीत बसल्यावरही फ्यूज त्यांच्या मांडीवर होते.

मावशी वाचली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले, उलट्या झाल्या, आणि तिनं आधी वहाणेची चौकशी केली. मात्र पुढे बरेच आठवडे ती चालताना भिंत धरायची आणि बोलता बोलता शब्द विसरायची. भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "तितं झोप लई चांगली लागायची गं. आता घरात डोळाच लागत न्हाय."

मालक त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. जिवावर उदार होऊन ते खाली गेले होते, हे मी कधी नाकारणार नाही. दोन दिवसांनी मी त्यांना फोन केला, काय काय बदलावं लागेल ते सांगायला. त्यांनी सगळं ऐकलं, आभार मानले. मी तक्रारही दिली. अधिकारी बघायला गेले तेव्हा शेड रिकामं होतं. फरशीवर मशीनच्या बोल्टांची भोकं आणि तेलाचे डाग. टाकी, मशीन, नळ्या, सगळं ट्रकमध्ये घालून रातोरात नेलेलं. कुठं नेलं, कुणाला माहीत नाही. कुणी म्हणालं भिगवणकडे, कुणी म्हणालं पार सोलापूरच्या पुढे. मालकांचा नंबर बंद.

बायकांचं काम गेलं. त्यातली एक वन्संना बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "तुझ्या वहिनीनं बरं केलं म्हणावं का वाईट, मला तर कळंना." वन्संनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. रागानं नाही. दाजी आता पेरूच्या पॅकिंगच्या शेडवर जातात. कुठल्याही बंद खोलीत शिरण्याआधी ते उंबऱ्याशी थांबतात, हे माझ्या लक्षात आलं आहे.

माझं काम चालूच आहे. बाभळीचा कोळसा, वाफ, छिद्रांची मापं. पावसाळ्याच्या तोंडावर मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. माझ्या कोळशाविषयी त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. सारख्या दिसणाऱ्या गॅसमधला नको तो भाग काढून घेतो, असं ऐकलंय म्हणाला.

"आम्हाला फक्त वास काढायचाय मॅडम. गॅस एकदम स्वच्छ पाहिजे."

त्याच्या मागे मशीनचा ठेका ऐकू येत होता, आणि रिकाम्या डब्यांची किणकिण, आणि बायकांचं हसणं.

"कारखाना कुठं आहे तुमचा?" मी विचारलं. "मी येऊन बघते, मग बोलू."

तो म्हणाला, "यायची काही गरज नाही. इथं सगळं ठीक आहे. अजिबात वास नाही."

आणि फोन ठेवला. मी परत लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, नंतरही अधूनमधून लावला. तो नंबर आता अस्तित्वात नाही, असं एक बाई मराठीत आणि मग इंग्रजीत सांगते.